सातबाऱ्यावरची नावे आणि आपला सिंधुदुर्ग

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांचे पत्र आम्हांस पावले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. आपल्या जिल्ह्याच्या आर्थिक स्थितीवर चार शब्द बोलावेत, असा त्यांचा आग्रह होता. आम्ही अर्थशास्त्री नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारे आयुष्य या मुंबापुरीत लहान मुलांस पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेले. परंतु ज्याने जन्मभर बेरीज-वजाबाकी शिकविली, त्यास घरचा जमाखर्च तरी मांडता यावा, असा विचार करून होकार कळविला. सेवानिवृत्तीनंतर आम्ही कुडाळ तालुक्यातील आमच्या गावी राहावयास गेलो. तेथे जे पाहिले व जे उशिरा का होईना पण उमजले, ते आपल्यापुढे ठेवतो. त्यात आमची स्वतःची एक चूकही आहे. ती सांगितल्यावाचून हा जमाखर्च पुरा होणार नाही.

आपला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. तोवर सावंतवाडीच्या माणसास एखाद्या दाखल्यासाठी रत्नागिरीस जावयाचे म्हणजे घाट, खाड्या आणि नद्या ओलांडीत मजल मारावी लागे. शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर ज्या जलदुर्गाचा पाया घातला, त्याचे नाव नव्या जिल्ह्यास मिळाले. ओरोस येथे सिंधुदुर्गनगरी वसली. देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी आणि दोडामार्ग असे आज आठ तालुके आहेत. क्षेत्रफळ सुमारे ५२०० चौरस किलोमीटर, समुद्रकिनारा सुमारे १२० किलोमीटर, आणि पाऊस वर्षास ३००० मिलिमीटरच्या वर. एका बाजूस सह्याद्री व दुसऱ्या बाजूस समुद्र, अशा चिंचोळ्या पट्टीत निसर्गाने हात आखडता घेतलेला नाही.

आता दुसरे आकडे ऐकावे. २००१ सालच्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांत १९,१७४ माणसे कमी झाली. दुष्काळ नाही, साथ नाही, युद्ध नाही, आणि तरीही जिल्ह्याची माणसे घटली. साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा तो आपला. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आढळल्या. कोणी म्हणेल, ही तर अभिमानाची गोष्ट. अंशतः ती आहेही. परंतु या आकड्याचा दुसरा अर्थ असा की, घरचा कर्ता पुरुष परगावी आहे आणि मागे आई, पत्नी व म्हातारी माणसे आहेत. पुढील जनगणना २०२१ साली व्हावयाची, ती लांबणीवर पडली. पण आकड्यांची वाट कशास पाहावी? गणपतीचे दिवस सरल्यावर कोणत्याही वाडीतून फिरावे आणि किती दारांना कुलपे आहेत, ती मोजावीत.

माणसे घटली की केवळ घरेच बंद होतात असे नव्हे, जिल्ह्याचे वजनही घटते. पूर्वी या जिल्ह्यात देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि सावंतवाडी असे विधानसभेचे चार मतदारसंघ होते. २००९ च्या निवडणुकीपासून नव्या आखणीप्रमाणे ते तीनच उरले. ज्या राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यामागून प्राध्यापक मधु दंडवते लोकसभेत गेले, तो मतदारसंघ नावानिशी नाहीसा झाला व रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एकच राहिला. शाळांचेही तेच. कोकण विभागाचे परीक्षा मंडळ २०१२ साली वेगळे झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालांत तो विभाग राज्यात सातत्याने पहिला येत आहे. शिक्षक या नात्याने आमची छाती अभिमानाने भरून येते. परंतु त्याच जिल्ह्यात कित्येक प्राथमिक शाळांची पटसंख्या वीसच्या आत आली आहे आणि शाळा टिकेल की मिटेल, याची चिंता गावास लागली आहे. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्यास शिक्षक म्हणून आले आणि अठरा वर्षे राहिले. बाहेरचा शिक्षक येथे येऊन राहिला. आपण मात्र येथे शिकून पहिले येतो आणि दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी धरतो.

हे असे का झाले, याचे कारण जुने आहे. भाताची शेती चार महिन्यांची, तीही पोटापुरती. जमीन थोडी, वाटेकरी फार. म्हणून आपले आजे-पणजे गलबतातून व पुढे आगबोटीने मुंबईस आले, गिरण्यांत लागले, एकेका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपले, आणि महिन्याकाठी गावी मनीऑर्डर धाडीत राहिले. त्या मनीऑर्डरीवर घरे शाकारली गेली, लग्ने झाली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. मुंबईने आपणांस अन्न दिले, हे उपकार आपण विसरता कामा नये. परंतु मनीऑर्डरीचा एक दोष असतो. तिने चूल पेटते, झाड लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, तेव्हा मनीऑर्डर आटली. जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. उत्पन्नाचे मुख्य साधन गेले आणि गावी मागे पर्यायी साधन उभे केलेले नव्हते. ती तूट अद्याप पुरी भरून आलेली नाही.

मग जिल्ह्याजवळ जमेस काय आहे? क्रमाने पाहू.

प्रथम आंबा. देवगडचा हापूस हे जिल्ह्याचे भूषण. ज्यांनी तो कातळ पाहिला आहे, त्यांनाच त्यामागचे श्रम कळतील. काळ्या दगडाला सुरुंग लावून खड्डे पाडावयाचे, दुरून माती आणून ते भरावयाचे, आणि मग कलम लावावयाचे. २०१८ साली कोकणातील हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हापूस एक वर्ष भरघोस येतो, तर दुसऱ्या वर्षी हात राखतो. मोहोराच्या वेळी ढग आले की तुडतुडा पडतो, फवारणीचा खर्च वाढतो. २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळासारखे एखादे वादळ झाडावरचा आंबा रात्रीतून जमिनीवर आणते. आणि इतके करून पेटी वाशीच्या बाजारात गेली म्हणजे तिची किंमत पिकविणारा ठरवीत नाही. आंबा डागी निघाला तर तो रस काढणाऱ्या कारखान्याकडे किलोच्या दराने जातो.

दुसरे पीक काजू. आमच्या मते उद्याचा आधार हाच. तो भरड, उताराच्या, वरकस जमिनीतही येतो आणि हापूसपेक्षा कमी लाड मागतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या ज्या जाती तयार केल्या, त्या वेंगुर्ला या नावाने आणि क्रमांकाने देशात प्रसिद्ध आहेत. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ यांची नावे आपल्याकडील बागायतदाराच्या तोंडी असतात. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरू लागते. पण हिशेब पाहा. सुमारे चार किलो बी फोडावी, तेव्हा एक किलोच्या आसपास गर निघतो. फोडणे, सोलणे, प्रत लावणे, डबे भरणे, या सर्व कामांत मजुरी आहे, आणि मजुरी म्हणजे कोणाच्या तरी घरची चूल आहे. आपला शेतकरी मार्च-एप्रिलमध्ये ओली-सुकी बी पोत्यात भरून व्यापाऱ्यास देतो आणि मोकळा होतो. आफ्रिकेतून बी स्वस्त आली की त्याचा दर कोसळतो. आणि बोंडू? वजनाने बीच्या कितीतरी पट असलेले हे रसाळ फळ आपल्याकडे बहुतांशी झाडाखाली कुजते. शेजारी गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते, आणि तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही मद्याची तरफदारी करीत नाही. बोंडूचे सरबत होते, पाक होतो. कणकवलीनजीक गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी जन्मभर सांगितले की, जगात टाकाऊ असे काही नाही, मैल्याचेही सोनखत होते. त्यांना कोकणचे गांधी म्हणून आपण हार घातले, पण त्यांचे सांगणे काही घेतले नाही.

तिसरी मासळी. देवगड, मालवण, वेंगुर्ले, निवती येथे आजही हजारो घरे समुद्रावर जगतात. रापण म्हणजे काय, हे आपल्या मुलांस ठाऊक नसेल. होडीने जाळे अर्धवर्तुळाकार टाकून किनाऱ्यावरून साऱ्या वाडीने दोन बाजूंनी ओढावयाचे, आणि मिळालेल्या मासळीचे ठरल्याप्रमाणे वाटे करावयाचे. ओढणाऱ्या म्हाताऱ्यालाही वाटा असे. यांत्रिक नौका आल्या, पुढे पर्ससीन जाळी आली, आणि बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ येण्यापूर्वीच खोल पाण्यात उचलला जाऊ लागला. त्यावरून समुद्रात संघर्षही झाले. २०१६ साली शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ साली प्रखर दिव्यांच्या मासेमारीस केंद्राने मनाई केली. कायदा आहे, पण त्याची अंमलबजावणी होते की नाही हे समुद्रावर जाऊन पाहणारा हवा, ही लहान मच्छिमारांची तक्रार अद्याप मिटलेली नाही.

चौथे पर्यटन. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाली आणि ज्या प्रवासात दोन दिवस मोडत, तो एका रात्रीचा झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी येथे विमानतळाचेही उद्‌घाटन झाले. मालवण-तारकर्लीकडे घरोघरी पाहुण्यांची सोय होऊ लागली. आपल्या भगिनी हातच्या माशांच्या जेवणावर संसार चालवू लागल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पावसाळ्यात समुद्र बंद, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, म्हणजे धंदाही मंद. आणि दुसरे असे की, रेल्वे दोन्ही दिशांनी धावते. ती पाहुणे आणते, तशी तरुण मुलेही नेते.

या चारही नोंदी एकत्र वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. आंबा पेटीतून जातो, बी पोत्यातून जाते, मासळी बर्फातून जाते आणि मुले रेल्वेतून जातात. सारे कच्चे जाते. त्यावर जे संस्कार व्हावयाचे, ते दुसरीकडे होतात आणि त्याची किंमतही दुसरीकडेच राहते. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न थोडके. बहुतेक पैसा शासनाच्या अनुदानातून यावयाचा. तेव्हा जिल्हा सुधारावयाचा तर गावातच माल टिकविणारे, फोडणारे, भरणारे हात हवेत, हे सर्वजण सांगतात. व्यासपीठावरून तर नेहमीच सांगतात. त्यासाठी शासनाने काय करावे, याची यादीही लांब आहे. ती वाचण्यासाठी आम्ही आपला वेळ घेणार नाही. एक अडथळा असा आहे की जो शासनाने घातलेला नाही, तो आपण घातलेला आहे. तो अडथळा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आहे, आणि या सभागृहात बसलेल्या बहुतेक कुटुंबांची नावे त्यात आहेत. येथून आम्ही आमच्या चुकीकडे वळतो.

१९९० साली शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली. लहान शेतकऱ्यास आंबा-काजूच्या लागवडीसाठी शंभर टक्के अनुदान होते. कोकणातील उघडे डोंगर हिरवे करणारी अशी योजना पूर्वी झालेली नव्हती. १९९१ साली आमच्या धाकट्या चुलत भावाचे पत्र मुंबईस आले. गावची सुमारे तीन एकर भरड जमीन सामाईक होती. त्याने लिहिले होते, ‘ती. दादांस सा. न. वि. वि. जमिनीत काजू घालावा असा मानस आहे. सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. सर्वांची संमती लागते. आपण सही दिलीत की बाकीचे देतील.’ सोबत संमतीपत्राचा कागद होता. फक्त सही करावयाची होती.

आम्ही सही केली नाही. नाही असेही कळविले नाही. शाळेतील एका सहकाऱ्याने सांगितले की, जो झाड लावतो तो उद्या जमीन आपली म्हणतो, कूळ लागले की हात चोळीत बसाल. आम्हांस ते पटले. त्या जमिनीत आम्ही तोवर एक रोपही लावले नव्हते आणि लावण्याचा विचारही नव्हता, तरी ती जाईल याचे भय मात्र वाटले. गणपतीस गावी गेलो, तेव्हा भावाने पुन्हा विषय काढला. आम्ही ‘पाहू’ म्हणालो. दुसऱ्या वर्षीही ‘पाहू’ म्हणालो. तिसऱ्या वर्षी त्याने विचारले नाही. पुढे तो गोव्यास गाडी चालविण्याच्या नोकरीवर गेला, मागोमाग त्याची बायकोमुलेही गेली, आणि आमच्या गावातील आणखी एका दारास कुलूप लागले. त्या कुलपाची किल्ली आमच्या खिशात होती, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

२०१६ साली आम्ही सेवानिवृत्त झालो व गावी आलो. एके सकाळी फिरत फिरत त्या जमिनीकडे गेलो. आत पाऊल टाकण्यास वाट नव्हती. घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. गडग्यापलीकडची जमीन शेजाऱ्याची. त्याने त्याच योजनेत काजू घातला होता. पंचवीस वर्षांची झाडे, खाली झाडून स्वच्छ केलेली जमीन, आणि बी वेचणारी घरची माणसे. माती तीच, पाऊस तोच, योजना तीच. अंतर एका गडग्याचे. पलीकडे सातबाऱ्यावर एक नाव होते आणि अलीकडे अकरा. त्या गडग्यावर आम्ही बराच वेळ बसून होतो. आयुष्यभर मुलांच्या वहीत लाल शाईने चुका दाखविल्या. आपली चूक एवढी मोठी असून ती आपणांस दाखविणारे कोणी नव्हते.

मग आम्ही तलाठ्याकडे गेलो. उतारा घेतला. अकरांपैकी सहाजण मृत होते. त्यांचे वारस धरले तर नावे सव्वीस झाली. कोणी डोंबिवलीस, कोणी विरारास, कोणी पुण्यास, एक परदेशी. वारसनोंदी करण्यात व सह्या गोळा करण्यात अडीच वर्षे गेली. आम्ही स्वतः लोकलने दारोदार हिंडलो. कित्येक ठिकाणी आम्हांस तेच उत्तर मिळाले, जे आम्ही कधी काळी भावास दिले होते. ‘पाहू.’ तेव्हा त्या शब्दाचे वजन कळले. अखेर २०१९ साली कागद पुरे झाले. तो गोव्याहून सहीसाठी आला. उतारा हातात घेऊन त्याने पाहिला आणि एवढेच म्हणाला, ‘दादा, सही इली, पन अठ्ठावीस वर्सां उशिरान.’ त्याच्या स्वरात राग नव्हता. असता तर आम्हांस बरे वाटले असते.

पुढील वर्षी टाळेबंदीत त्याचा मुलगा गावी परतला. त्याने जाळ्या तोडून वेंगुर्ल्याची कलमे लावली. ती आता धरू लागली आहेत. मुलगा बी लागलीच विकीत नाही, सुकवून ठेवतो आणि दर पाहून काढतो. पुढेमागे लहानसे फोडणी यंत्र घ्यावे, असे त्याच्या मनात आहे. आता जमिनीचा कागद स्वच्छ असल्याने बँकेच्या दारात तो ताठ उभा राहू शकतो. तो श्रीमंत झालेला नाही, होईल की नाही हेही आम्ही सांगत नाही. पण त्याची मुलगी गावच्या शाळेत जाते आणि शाळेच्या पटावर एक नाव वाढले आहे. त्याच्या बापाने तिशीत जे केले असते, ते त्याला आता करावे लागत आहे. मधली अठ्ठावीस वर्षे कोणीही परत आणून देऊ शकत नाही.

बंधुभगिनींनो, ही एका घरची कथा आम्ही कौतुक म्हणून सांगितली नाही. आपल्या घरच्या उताऱ्यावर ती नाही, असे छातीवर हात ठेवून कितीजण म्हणू शकतील? सातबाऱ्यावर आजोबांचे नाव अद्याप आहे. वारसनोंद झालेली नाही. गावी राहणारा भाऊ विहीर खणू पाहतो, त्याला कर्ज मिळत नाही. कारण बँक साऱ्या वाटेकऱ्यांची संमती मागते, आणि वाटेकरी मुंबईत ‘पाहू’ म्हणून बसलेले आहेत. पडीक जमिनीत रान वाढते, रानात माकडे आणि गवे येतात, आणि जो शेजारी अजून भात लावतो, त्याचेही पीक ते खातात. आपली पडीक जमीन आपल्यापुरती पडीक राहत नाही.

आणि एक विलक्षण गोष्ट पाहावी. घरचा भाऊ सही मागतो, तेव्हा ती वर्षानुवर्षे मिळत नाही. परंतु बाहेरचा खरीददार नोटा घेऊन येतो, तेव्हा त्याच सव्वीस सह्या महिनाभरात गोळा होतात. समुद्राकडेच्या आणि रस्त्याकडेच्या कितीतरी जमिनी अशा गेल्या. मग आपण येथे सभा भरवून खंत करतो की, कोकण परक्यांच्या हाती चालले. ते नेणाऱ्यास बोल लावण्यापूर्वी देणाऱ्याने आपला हात पाहावा.

जमीन जाईल, ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती आम्हांसही होती. परंतु तिच्यावर उपाय आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या ८५ व्या कलमाप्रमाणे सर्व सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते. वाटप नको असेल, तर मुदत घालून, नोंदणी करून, भाडेपट्ट्याने भावास जमीन कसावयास देता येते. कोणी म्हणेल, वाटणी केली की जमिनीचे तुकडे होतील. तुकडे तर कागदावर झालेलेच आहेत. वाटणीनंतर निदान एखादा तुकडा तरी पिकेल. मात्र एक पथ्य पाळावे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. कागद स्वच्छ करण्याच्या नावाखाली बहिणीस भाऊबीजेच्या ताटापुढे बसवून हक्कसोडपत्रावर सही घेऊ नये. तिचे नाव लागू द्यावे. मग ती जे ठरवील ते ठरवील. आमच्या सव्वीस सह्यांपैकी ज्या आम्हांस प्रथम मिळाल्या, त्या आमच्या तीन चुलत बहिणींच्या होत्या, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

आता मंडळापाशी नम्र सूचना. मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, वधूवर मेळावा भरविते, शिष्यवृत्त्या देते. ही कामे चालू राहावीत. त्यांत तीन कामांची भर घालावी. पहिले, महिन्यातून एका रविवारी आपल्या ज्ञातीतील एखादे वकील अथवा निवृत्त महसूल कर्मचारी यांनी मंडळाच्या कार्यालयात बसून सभासदांस उतारे वाचून दाखवावेत आणि वारसनोंदीचे अर्ज लिहून द्यावेत. दुसरे, शिष्यवृत्तीपैकी एक गावीच राहून कृषी, मत्स्य अथवा फळप्रक्रिया यांचे शिक्षण घेणाऱ्या मुलास किंवा मुलीस राखून ठेवावी. तिसरे, पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीप्रमाणेच आणखी एक यादी छापावी. ज्या कुटुंबांनी वर्षभरात आपला सातबारा स्वच्छ करून गावी राहणाऱ्यास जमीन मोकळी करून दिली, त्यांची नावे त्यात असावीत. ती यादी पहिल्या वर्षी पाच नावांची झाली तरी पुरे.

सर्वांनी गावी परत यावे, असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही स्वतः पेन्शन सुरू झाल्यावर गेलो. दुसऱ्यास त्याग सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्यांस मुंबईत राहावयाचे, त्यांनी सुखाने राहावे. मागणे इतकेच की, जो राहिला आहे किंवा राहू इच्छितो, त्याच्या वाटेत आपले नाव आडवे येऊ देऊ नये. पूर्वी मुंबईकराकडून गाव मनीऑर्डरीची अपेक्षा करीत असे. आज गाव पैसा मागत नाही. ते एक सही मागत आहे.

यंदा गणपतीस गावी जाल, तेव्हा नैवेद्य झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांस बोलवा, उतारा मध्ये ठेवा आणि त्यावरची नावे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. कोण हयात, कोण गेले, कोण कोठे आहे, ते लिहून काढा. त्यातून आपल्या मुलांस त्यांचे पणजोबा कळतील आणि गावी राहिलेला काकाही कळेल. आणि तो काका कागद पुढे करील, तेव्हा ‘पाहू’ म्हणू नका. आम्ही म्हणालो होतो. त्याची किंमत आमच्या भावाने मोजली.

 श्रीदेव रवळनाथ आपणां सर्वांचे कल्याण करो, अशी प्रार्थना करून आमचे भाषण पुरे करतो.